संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युनोच्या सरचिटणिसांबद्दलचे प्रश्न आमच्याकडे वर्षभर येत असतात. कुठे युद्ध पेटले किंवा एमपीएससीची परीक्षा जवळ आली की त्यांचा ओघ वाढतो. बहुतेक प्रश्नांमागे एकच गैरसमज असतो: एवढे मोठे पद, म्हणजे अधिकारही तेवढेच मोठे. तसे नाही. हे पद कोणाला मिळते, किती काळ टिकते आणि त्यातून काय साधते, हे बरेचसे सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांवर अवलंबून असते. अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स ही ती पाच नावे. खालच्या उत्तरांत ती पुन्हा पुन्हा भेटतील.

१. सरचिटणीस म्हणजे जगाचे राष्ट्राध्यक्षच ना?

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतले ९७ वे कलम त्यांना संघटनेचे ‘मुख्य प्रशासकीय अधिकारी’ म्हणते. सचिवालय चालवणे, कर्मचारी नेमणे, अर्थसंकल्पाचा प्रस्ताव मांडणे, वार्षिक अहवाल देणे आणि परिषदांनी सोपवलेली कामे पार पाडणे ही त्यांची कामे. कायदे करणे, निर्बंध लादणे, सैन्य धाडणे त्यांच्या हातात नाही. हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीची गत डोळ्यांसमोर आणा. पाण्याच्या टाकीपासून पार्किंगच्या भांडणापर्यंत जाब त्यालाच विचारायचा, खर्चाची मंजुरी मात्र सभेकडे.

१०० वे कलम फारसे कोणी वाचत नाही, पण मोलाचे आहे. सरचिटणिसांनी आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांनी कोणत्याही सरकारकडून सूचना घ्यायच्या नाहीत, स्वतःच्या देशाच्या सरकारकडूनही नाहीत, आणि सदस्य देशांनी त्यांच्यावर दबाव आणायचा नाही. पहिला भाग बऱ्यापैकी पाळला जातो. दुसऱ्याबद्दल न बोललेले बरे.

२. अंतोनियो गुटेरेस हे मूळचे कोण? आधी काय करायचे?

मूळचे इंजिनिअर. जन्म ३० एप्रिल १९४९, लिस्बन. तिथल्याच तंत्रशिक्षण संस्थेतून १९७१ मध्ये पदवी घेतली आणि काही काळ तिथेच शिकवले. एप्रिल १९७४ च्या क्रांतीत पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली. त्याच वर्षी ते समाजवादी पक्षात गेले आणि पूर्णवेळ राजकारणी झाले. १९९५ ते २००२ ते पोर्तुगालचे पंतप्रधान होते. स्थानिक निवडणुकांत पक्षाचा सपाटून पराभव झाल्यावर डिसेंबर २००१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे २००५ ते २०१५ ते संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक उच्चायुक्त होते. सीरियातले लोंढे बाहेर पडले ते याच काळात. जिनिव्हाच्या मुख्यालयातली माणसे कमी करून पैसा आणि माणसे प्रत्यक्ष छावण्यांकडे वळवणारा प्रशासक, असे त्यांचे तेव्हाचे नाव.

१ जानेवारी २०१७ रोजी ते सरचिटणीस झाले. दुसरी मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. देशाचे सरकार चालवलेला माणूस या खुर्चीवर बसण्याची ही पहिलीच वेळ. त्याआधी परराष्ट्रमंत्री आणि राजदूतांचीच चलती होती.

गोव्याचे वाचक हमखास विचारतात म्हणून: ज्यांचे घराणे मडगावचे ते अंतोनियो कोस्टा वेगळे. ते गुटेरेस यांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते, पुढे स्वतः पंतप्रधान झाले. नावातल्या ‘अंतोनियो’मुळे दोघांची गल्लत होते. गुटेरेस यांचे घराणे गोव्याचे नाही.

३. निवड कशी होते? सगळे देश मतदान करतात का?

कागदोपत्री सुरक्षा परिषद शिफारस करते आणि आमसभा नेमणूक करते. १९३ देशांच्या आमसभेकडे नाव येते ते एकच, त्यामुळे तिथे निवडायला काही उरत नाही. खरा सामना सुरक्षा परिषदेच्या बंद दाराआड होतो. शिफारशीला पंधरापैकी किमान नऊ मते लागतात, आणि पाच कायम सदस्यांपैकी एकाचाही नकार चालत नाही.

प्रत्यक्षात आधी अनौपचारिक चाचणी मतदान होते. प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे ‘प्रोत्साहन’, ‘परावृत्त’ किंवा ‘मत नाही’ यापैकी एक खूण करायची. सुरुवातीच्या फेऱ्यांत सगळ्यांच्या मतपत्रिका सारख्या असतात, त्यामुळे नकार कोणाचा ते कळत नाही. नंतर कायम सदस्यांना वेगळ्या रंगाच्या मतपत्रिका देतात. त्या रंगाचे एक जरी ‘परावृत्त’ पडले, तरी उमेदवार सामान आवरायला लागतो.

२०१६ मध्ये तेरा उमेदवार होते. पहिल्यांदाच त्यांना आमसभेसमोर उभे करून जाहीर प्रश्न विचारले गेले, आणि गुटेरेस यांचा जम तिथेच बसला. ५ ऑक्टोबरच्या सहाव्या फेरीत, रंगीत मतपत्रिकांवर, त्यांना तेरा ‘प्रोत्साहन’, दोन ‘मत नाही’ आणि शून्य ‘परावृत्त’ अशी मते पडली. दुसऱ्या दिवशी परिषदेने शिफारस केली, १३ ऑक्टोबरला आमसभेने नेमणूक केली.

४. मुदत किती? तिसऱ्यांदा होता येते का?

सनदेत मुदतच दिलेली नाही. १९४६ च्या आमसभेच्या ठरावातून पाच वर्षांचा पायंडा पडला. दोनच मुदतींची मर्यादा हा रिवाज आहे, नियम नव्हे. कुर्त वाल्डहाइम यांनी १९८१ मध्ये तिसऱ्यांदा प्रयत्न केला. चीनने फेरीमागून फेरी, तब्बल सोळा वेळा त्यांना नकार दिला. चीनला टांझानियाचे सलीम अहमद सलीम हवे होते, त्यांना अमेरिकेने अडवले. शेवटी दोघेही बाजूला झाले आणि पेरूचे पेरेझ द क्वेलार आले. तेव्हापासून तिसऱ्या मुदतीचा विषय कोणी काढलेला नाही.

दुसरी मुदतही हक्काची नसते. बुट्रोस बुट्रोस-घाली यांना १९९६ मध्ये चौदा देशांनी पाठिंबा दिला आणि एका देशाने नकार. तो देश अमेरिका. विषय संपला.

५. आजवर कोण कोण झाले?

त्रिग्वे ली (नॉर्वे, १९४६-५३), डाग हॅमरशोल्ड (स्वीडन, १९५३-६१), ऊ थांट (ब्रह्मदेश, १९६१-७१), कुर्त वाल्डहाइम (ऑस्ट्रिया, १९७२-८१), हाव्हिएर पेरेझ द क्वेलार (पेरू, १९८२-९१), बुट्रोस बुट्रोस-घाली (इजिप्त, १९९२-९६), कोफी अन्नान (घाना, १९९७-२००६), बान की-मून (दक्षिण कोरिया, २००७-१६) आणि गुटेरेस.

परीक्षेसाठी लक्षात ठेवण्याजोगे: पहिले आशियाई ऊ थांट, आणि ते मुळात पांतानाव गावातले शाळामास्तर. युनोच्याच नोकरीतून वर चढलेले पहिले अन्नान. १९६२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत अर्थसंकल्पाच्या कामावर कनिष्ठ अधिकारी म्हणून त्यांनी सुरुवात केली. शांततेचे नोबेल दोघांना: हॅमरशोल्ड यांना १९६१ मध्ये मरणोत्तर, अन्नान यांना २००१ मध्ये संघटनेसह विभागून. पूर्व युरोपातून अजून एकही नाही.

६. अमेरिकेचा किंवा चीनचा नागरिक सरचिटणीस का होत नाही?

मनाई कुठेही लिहिलेली नाही. नकाराधिकारही त्यांचा आणि खुर्चीही त्यांचीच, हे बाकीच्यांना मानवणार नाही म्हणून असा संकेत पडला. अपवाद म्हणायचा तर एकच. पहिले सरचिटणीस नेमले जाईपर्यंत, १९४५-४६ च्या त्या काही महिन्यांत, ब्रिटनचे ग्लॅडविन जेब यांनी हंगामी काम पाहिले. बहुपर्यायी प्रश्नांत हे नाव फसवायला टाकतात. ‘पहिले सरचिटणीस’ विचारले तर उत्तर त्रिग्वे ली हेच.

७. भारतीय माणूस का नाही झाला? शशी थरूर खरेच जवळ पोचले होते का?

पोचले होते, पण चुकीच्या बाजूने. २००६ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांत जनसंपर्क व माहिती विभागाचे प्रमुख होते आणि भारताने त्यांना अधिकृत उमेदवारी दिली. २ ऑक्टोबरच्या निर्णायक चाचणीत त्यांना दहा ‘प्रोत्साहन’, तीन ‘परावृत्त’ आणि दोन ‘मत नाही’ अशी मते मिळाली. त्या तिघांत एक कायम सदस्य होता. बान की-मून यांना चौदा मते होती आणि विरोधात एकही नव्हते. थरूर यांनी माघार घेतली.

आमच्या मते अडचण व्यक्तीची नव्हती. पाचांना छोट्या किंवा मध्यम देशाचा, कोणाच्या डोळ्यांत न खुपणारा माणूस बरा वाटतो. त्यातून भारत स्वतः कायम सदस्यत्व मागतो. प्रश्न ६ मधला संकेत पाहिला, तर या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणे कठीण.

८. एकही महिला का नाही?

समर्थनीय कारण नाही. २०१६ च्या तेरा उमेदवारांत सात महिला होत्या. न्यूझीलंडच्या माजी पंतप्रधान हेलन क्लार्क त्यांपैकी एक. तरीही निकाल जुन्याच वळणाने गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुढच्या निवडीसाठी नावे मागवताना आमसभा आणि सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांनी संयुक्त पत्रात, देशांनी महिला उमेदवारांचा गांभीर्याने विचार करावा, असे म्हटले. नवी मुदत १ जानेवारी २०२७ ला सुरू होते. उपसरचिटणीसपद मात्र १९९८ मध्ये पहिल्यांदा भरले गेले ते कॅनडाच्या लुईझ फ्रेशेत यांच्याच नेमणुकीने, आणि २०१७ पासून तिथे नायजेरियाच्या अमिना मोहम्मद आहेत.

९. हे ‘कलम ९९’ काय प्रकरण आहे?

सरचिटणिसांच्या हातातले एकमेव राजकीय हत्यार. जागतिक शांततेला धोका आहे असे त्यांना वाटले, तर कोणाही देशाने तक्रार न करता ते स्वतःहून विषय सुरक्षा परिषदेसमोर आणू शकतात. वापर इतका क्वचित होतो, की झाला की बातमी होते.

दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला आणि काही दिवसांतच लष्करात बंड होऊन बेल्जियमचे सैनिक परत उतरले. हॅमरशोल्ड यांनी कलम ९९ वापरून १३ जुलैच्या रात्री परिषद बोलावली. पहाटेपर्यंत ठराव मंजूर झाला आणि थोड्याच दिवसांत युनोच्या शांतिसेनेचे निळ्या टोप्यांचे सैनिक काँगोत होते. आता ६ डिसेंबर २०२३. गाझातल्या परिस्थितीवर गुटेरेस यांनी आपल्या कारकिर्दीत पहिल्यांदा हेच कलम वापरले. ८ तारखेला युद्धविरामाचा ठराव आला. बाजूने तेरा, ब्रिटन तटस्थ, अमेरिकेचा नकाराधिकार. पुढे आमसभेत तशाच मागणीला १५३ देशांनी पाठिंबा दिला, पण आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो. कलम तेच होते. १९६० मध्ये पाचांपैकी कोणी आडवे आले नाही, २०२३ मध्ये आले.

१०. एवढे हात बांधलेले असतील तर ते साध्य तरी काय करतात?

मध्यस्थी. तीही बहुधा कॅमेऱ्यांपासून लांब, न्यूयॉर्कच्या सचिवालय इमारतीतल्या ३८ व्या मजल्यावर. त्यांचे कार्यालय तिथे आहे.

सर्वांत सुंदर उदाहरण १९५५ चे. कोरियन युद्धात पाडलेल्या एका विमानातले अकरा अमेरिकी वैमानिक हेर ठरवून चीनने तुरुंगात टाकले होते. आमसभेने चीनचा निषेध करून त्यांची सुटका करवून आणायला हॅमरशोल्ड यांना सांगितले. पण बीजिंगचे सरकार तेव्हा युनोत नव्हतेच. निषेध करणाऱ्या सभेच्या दूताला ते कशाला दारात उभे करणार? हॅमरशोल्ड यांनी वाट काढली. आपण आमसभेचा निरोप घेऊन येत नाही, सनदेने सरचिटणिसाला दिलेल्या स्वतंत्र जबाबदारीतून येतो, अशी भूमिका घेऊन ते जानेवारीत बीजिंगला गेले आणि चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याशी बोलले. परतले ते रिकाम्या हाताने. २९ जुलैला त्यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली. १ ऑगस्टला चीनने सुटका जाहीर केली, आणि ही वाढदिवसाची भेट समजावी असा निरोपही पोचवला. सभेपासून अंतर राखून सभेचे काम करण्याची ही युक्ती पुढे ‘पेकिंग सूत्र’ (पेकिंग म्हणजे बीजिंगच) म्हणून ओळखली गेली.

अलीकडचे उदाहरण काळ्या समुद्रातल्या धान्याचे. २२ जुलै २०२२ रोजी तुर्कस्तान आणि गुटेरेस यांच्या मध्यस्थीने इस्तंबूलमध्ये करार झाला आणि युक्रेनच्या बंदरांतून सुमारे ३.३ कोटी टन धान्य बाहेर पडले. वर्षभराने रशियाने अंग काढून घेतले. असे यश टिकत नाही म्हणून ते यशच नव्हे, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

उरते ते जाहीर बोलणे. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुटेरेस मुंबईत आले, ताज हॉटेलमध्ये २६/११ च्या मृतांना आदरांजली वाहिली, आणि त्याच दिवशी आयआयटी मुंबईत बोलताना, मानवाधिकार परिषदेचा सदस्य म्हणून अल्पसंख्याकांसह सर्वांचे हक्क जपण्याची जबाबदारी भारतावर आहे, हेही सांगितले. यजमानांच्या घरी एवढे बोलण्याची मुभा या पदाला असते.

११. गोवा मुक्तीच्या वेळी सरचिटणीस काय करत होते?

ऊ थांट यांना हंगामी सरचिटणीस होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. डिसेंबर १९६१ च्या मध्यावर त्यांनी नेहरू आणि पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार या दोघांनाही पत्रे पाठवून, परिस्थिती चिघळू देऊ नका, वाटाघाटी करा, असे आवाहन केले. त्याहून जास्त त्यांच्या हातात नव्हते. १८ डिसेंबरला पोर्तुगालच्या तक्रारीवर सुरक्षा परिषद भरली. युद्धविरामाच्या ठरावाला सात मते पडली, विरोधात चार. त्या चारांत सोव्हिएत संघ होता, म्हणजे नकाराधिकार. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. नकाराधिकाराला सरसकट शिव्या घालताना आपण हा प्रसंग सोयीने विसरतो.

१२. वाल्डहाइम नाझी सैन्यात होते म्हणे. मग निवडले कसे?

होते. पूर्व आघाडीवर जखमी झाल्यावर आपण घरी परतून कायदा शिकलो, असे ते सांगत. १९४२ नंतर ते बाल्कनमध्ये जर्मन सैन्याच्या मुख्यालयात अधिकारी होते, हा भाग त्यांनी गाळला होता. तो उघड झाला १९८६ मध्ये, ऑस्ट्रियाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत, म्हणजे युनो सोडल्यावर चार वर्षांनी. तरीही ते निवडून आले. १९८७ मध्ये अमेरिकेने त्यांना प्रवेशबंदी केली. इतिहासतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीला त्यांचा युद्धगुन्ह्यांत वैयक्तिक हात आढळला नाही, पण आसपास काय चालले आहे हे त्यांना ठाऊक होते, असा तिचा निष्कर्ष होता. उमेदवाराची कसून छाननी करण्याची पद्धत १९७१ मध्ये नव्हतीच. बघायचे ते एवढेच, की पाचांपैकी कोणाची हरकत नाही ना.

विचित्र योग असा, की १९७७ च्या व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत पृथ्वीच्या वतीने शुभेच्छा आहेत त्या याच गृहस्थांच्या आवाजात. त्याच तबकडीवर मराठीतला नमस्कार आहे आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचा आवाजही.

१३. जागतिक आरोग्य संघटना, युनेस्को, जागतिक बँक, युनिसेफ हे सगळे त्यांच्या हाताखाली येतात का?

पहिले तीन नाहीत. त्या स्वतंत्र संस्था आहेत, त्यांचे सदस्य आणि नियम वेगळे. आरोग्य संघटनेचे महासंचालक जागतिक आरोग्य सभा निवडते. सगळ्या प्रमुखांच्या समन्वय मंडळाचे अध्यक्षपद सरचिटणिसांकडे असते, पण हुकूम देण्याचा अधिकार नसतो. युनिसेफचे वेगळे: तिथले प्रमुख सरचिटणीसच कार्यकारी मंडळाशी विचारविनिमय करून नेमतात. आजवरचे सगळे अमेरिकी, हा आणखी एक न लिहिलेला नियम. निर्वासितविषयक उच्चायुक्ताचे नाव सरचिटणीस सुचवतात आणि आमसभा निवडते.

(राष्ट्रगीताला युनेस्कोने ‘सर्वोत्तम’ ठरवल्याचा संदेश खोटा आहे. कृपया पाठवणे थांबवा.)

१४. आमसभेचे अध्यक्ष आणि सरचिटणीस एकच का?

नाही. आमसभेचे अध्यक्ष एका वर्षासाठी निवडले जातात आणि सभा चालवतात. विजयालक्ष्मी पंडित १९५३ मध्ये अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. त्या सरचिटणीस नव्हत्या.

१५. पगार आणि घर?

१९४६ च्या ठरावानुसार वर्षाला २०,००० डॉलर वेतन, तेवढाच आतिथ्य भत्ता, आणि सामानासकट घर. वेतन पुढे आमसभेने वेळोवेळी वाढवले. घर मॅनहॅटनमध्ये सटन प्लेसला आहे. त्याच ठरावात आणखी एक शहाणपणाची ओळ आहे: निवृत्तीनंतर लगेच कोणत्याही सरकारने त्यांना पद देऊ करू नये, कारण त्यांना अनेकांची गुपिते माहीत असतात.

१६. इस्रायलने गुटेरेस यांना ‘अस्वीकार्य व्यक्ती’ ठरवले. मग पद जात नाही का?

जात नाही. ऑक्टोबर २०२४ मधल्या त्या घोषणेने इस्रायलमध्ये प्रवेश बंद झाला, एवढेच. युनोचे म्हणणे असे, की ही तरतूद एका देशाने दुसऱ्या देशात पाठवलेल्या राजदूतांसाठी आहे, युनोच्या अधिकाऱ्यांना ती लागूच होत नाही.

१७. सरचिटणिसांना काढता येते का? पदावर असताना मृत्यू झाला तर?

काढण्याची तरतूद सनदेत नाही. जगणे मात्र अशक्य करता येते. कोरियन युद्धात ली यांनी घेतलेल्या भूमिकेमुळे सोव्हिएत संघाने १९५० मध्ये त्यांची फेरनेमणूक अडवली. आमसभेने परस्पर मुदत वाढवली, तर सोव्हिएतांनी त्यांच्याशी बोलणेच सोडले. नोव्हेंबर १९५२ मध्ये ली यांनी राजीनामा जाहीर केला. न्यूयॉर्कच्या विमानतळावर हॅमरशोल्ड यांचे स्वागत करताना, हे पृथ्वीवरचे सर्वांत अशक्य काम आहे, असे ते म्हणाले.

त्याच हॅमरशोल्ड यांचे विमान १९६१ मध्ये १७ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर आजच्या झांबियातील एनडोलाजवळ कोसळले. काँगोतून फुटू पाहणाऱ्या काटंगा प्रांतातली लढाई थांबवण्याच्या बोलणीसाठी ते निघाले होते. तो अपघात की घातपात, याची चौकशी युनोने गेल्या दशकात पुन्हा सुरू केली. त्यांच्या जागी हंगामी म्हणून ऊ थांट आले. आज उपसरचिटणीस असले, तरी ते आपोआप सरचिटणीस होत नाहीत. प्रश्न ३ मधली प्रक्रिया चुकत नाही.

१८. बेळगाव सीमाप्रश्न सरचिटणिसांकडे नेता येईल का? आम्ही पत्र लिहिले तर?

पत्र कोणीही लिहू शकतो. उपयोग नाही. सनदेच्या दुसऱ्या कलमातले सातवे पोटकलम एखाद्या देशाच्या अंतर्गत बाबीत हस्तक्षेप करायला युनोला मनाई करते, आणि दोन राज्यांमधली हद्द ही अंतर्गत बाब आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा हीच त्याची जागा. जमीन, पेन्शन, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी यांनाही हेच उत्तर लागू. मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनाची वैयक्तिक तक्रार मात्र जिनिव्हातल्या मानवाधिकार यंत्रणेकडे करता येते, आणि तो अर्ज सरचिटणिसांच्या नावाने करायचा नसतो.